गरम देशातला बर्फ

लहानूजी भोयरांना थंडी बाधते, ही गोष्ट नागपूरच्या हुडकेश्वरात सगळ्यांना ठाऊक होती, कारण ती सगळ्यांना लहानूजींनीच सांगितली होती. दूधवाल्याला, पेपरवाल्याला, एकदा तर घर चुकून दार वाजवणाऱ्या कुरियरवाल्यालाही. दिवाळीचा आकाशकंदील उतरायच्या आत त्यांच्या डोक्यावर माकडटोपी चढायची, ती थेट होळीला उतरायची.

ऊन मात्र त्यांच्या घरचं माणूस. चौतीस वर्षं विजेच्या खात्यात लाइनमन म्हणून ते खांब चढले. मे महिन्यात पारा शेहेचाळीसवर, डांबर चपलेला चिकटतंय, अशा वेळी खिशात कांदा टाकून हा गडी वर तारा जोडत बसायचा आणि खाली उतरून म्हणायचा, "आज जरा बरं आहे." पण जानेवारीत पारा अकरावर आला की तोच गडी दोन स्वेटर घालून पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसायचा आणि कोणी हाक मारली तरी वळायचा नाही.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी पुष्पलताबाईंना स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात घेऊन सांगितलं होतं, "आमच्या लहानूले थंडी बाधते. सांभाळजो वं." सासूबाई जाऊन वीस वर्षं झाली, पण ते वाक्य घरात तसंच राहिलं. घरातल्या सगळ्या सहली त्याच वाक्याला विचारून ठरल्या. पुरी, सोमनाथ, कन्याकुमारी, गोवा दोनदा. जिथं पांघरूण लागत नाही अशी गावं. एकदा खात्यातली सगळी मंडळी शिमल्याला निघाली होती. पुष्पलताबाईंनी सीताबर्डीवरून लोकरी मोज्यांचे दोन जोडसुद्धा आणून ठेवले होते. निघायच्या आठ दिवस आधी लहानूजींना एक शिंक आली आणि भोयर दांपत्य रामेश्वरला जाऊन आलं.

तर अशा घरात, या जानेवारीत, पुष्पलताबाई गुडघ्याच्या डॉक्टरांकडून परत आल्या आणि ऑटोतून एक पाय खाली ठेवता ठेवता म्हणाल्या, "मले बर्फावर घसराचं आहे."

लहानूजी ऑटोवाल्याला पैसे देत होते. त्यांनी मान वर केली. "डॉक्टर गुडघ्याचा होता का डोक्याचा?"

डॉक्टर गुडघ्याचाच होता. दोन्ही गुडघे मे महिन्यात बदलू म्हणाला होता. त्यावर पुष्पलताबाईंनी विचारलं होतं, बदलल्यावर घसरता येईल का? डॉक्टर म्हणाला, "बाई, तुम्ही घसरू नये म्हणून तर बदलतोय." मग बाईंनी विचारलं, आणि बदलायच्या आधी? डॉक्टर हसला. बसून, पाय लांब करून, हळूहळू, आणि सोबत कोणीतरी असेल तर घसरा म्हणाला.

"पण घसराचंच काहून?" लहानूजींनी घरात आल्यावर विचारलं. त्यांना खरंच कळत नव्हतं. बायको शाळेत तीस वर्षं मास्तरीण होती. तिला मैदानावर धावताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, भाजी घेतानासुद्धा ती घासाघीस न करता उभी राहायची.

पुष्पलताबाई खुर्चीत बसल्या, दोन्ही गुडघे हातांनी दाबत राहिल्या आणि मग त्यांनी सांगितलं. त्यांचं माहेर कन्हानचं, वडील कोळशाच्या खाणीत. कोळसा काढून पोकळ झालेल्या जागेत भरायला नदीतली वाळू आणून टाकायचे, तिचे घराएवढाले ढीग क्वार्टरच्या मागं असायचे. शाळा सुटली की सगळी पोरं तेलाच्या डब्याचा पत्रा बुडाखाली घेऊन वरून खाली. पुष्पाचा पत्रा सगळ्यात वेगात जायचा. मग एक दिवस, बारावं लागलं तेव्हा, आई म्हणाली की तू आता मोठी झाली, बस झालं. भाऊ घसरत राहिले. त्यांच्या ओरडण्याचा आवाज स्वयंपाकघरात यायचा.

"बारा वर्षांची होती मी," त्या म्हणाल्या. "सांगून तरी बंद कराचं होतं. आज शेवटचं घसरून घे, असं तरी म्हणाचं होतं. मले माहीत असतं तर मी आदल्या दिवशी दहादा जास्त चढली असती. आता मेमधी गुडघे जाते. या वेळी मले माहीत आहे की हे शेवटचं आहे, तर एकदा घसरू द्या."

तेहतीस वर्षांच्या संसारात ही वाळू लहानूजींच्या कानावर कधी आली नव्हती. त्यांना वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की ते बाहेर जाऊन माणसांना विचारायचे. दुसऱ्या दिवशी ते मानेवाडा रोडवरच्या अश्विनच्या ट्रॅव्हल ऑफिसात जाऊन बसले. मागून पुष्पलताबाईही आल्याच.

अश्विन तिशीतला, गोड बोलणारा मुलगा. त्याने आधी गुलमर्ग दाखवलं. फोटोतल्या झाडांवर बर्फ पाहूनच लहानूजींनी टोपी खाली ओढली. मग औली दाखवलं. लहानूजींनी मफलर गुंडाळला.

"काका, तुमाले थंडी बाधते का?" अश्विनने विचारलं.

"लहानपणापासून," लहानूजी समाधानाने म्हणाले.

मग अश्विनने दुबई काढली. दुबईत एका मॉलमध्येच बर्फाचा डोंगर आहे, आत बर्फ आणि बाहेर तीस डिग्री ऊन. लहानूजींचा चेहरा फुलला. "हे बेस्ट आहे! तू आत घसर, मी बाहेर पार्किंगमधी उन्हात बसतो."

"मॉलमधी?" पुष्पलताबाई म्हणाल्या. "वर छत, बाजूले चपलांचं दुकान? मी काय फ्रिजमधी घसराले पासपोर्ट काढू?"

तो विषय तिथेच मिटला. तेव्हा अश्विनने शेवटचं पान काढलं. स्पेन. गरम देश, लख्ख ऊन, संत्र्याच्या बागा, आणि त्यातच सिएरा नेवाडा नावाचा बर्फाचा डोंगर. सकाळी बर्फावर स्की करायची, दुपारी खाली उतरून समुद्रावर बसायचं. ज्यांना स्की जमत नाही त्यांच्यासाठी बसून घसरायच्या गाड्या. फोटोत मार्च महिन्यातल्या बर्फावर एक माणूस चक्क अर्ध्या बाह्यांचा टी-शर्ट घालून उभा होता.

लहानूजींनी चष्मा लावून तो माणूस नीट पाहिला. त्याच्या अंगावर काटा नव्हता. "संत्री होते तिथी?" त्यांनी विचारलं.

"भरपूर."

"म्हणजे हवा आपल्यासारखीच आहे." लहानूजी खुर्चीत मागे रेलले. "मंग तिथला बर्फही गरमच असंन."

अश्विनने तोंड उघडलं. पुष्पलताबाईंनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्याने ते परत मिटलं. मार्चअखेरचं बुकिंग झालं. घसरायची गाडी एक, पुष्पलताबाईंसाठी. लहानूजींसाठी डोंगराच्या पायथ्याशी उन्हातली खुर्ची.

पंधरा दिवस लहानूजी गल्लीत राजासारखे फिरले. "स्पेनले चाललो. बर्फ आहे, पण गरम देशातला आहे," असं ते ज्याला त्याला सांगायचे. शेजारचे रामाजी निवृत्त भूगोल शिक्षक, त्यांनाही त्यांनी सांगितलं. रामाजी म्हणाले, "लहानूजी, बर्फ कोणत्याही देशातला असला तरी शून्य डिग्रीचाच असते गा."

लहानूजी घरी आले ते गळाठून. शून्य! अकराला भिंतीकडे तोंड करून बसणारा माणूस शून्याला काय करणार? दोन रात्री त्यांना झोप आली नाही. पण त्यांनी चौतीस वर्षं तारांवर काम केलं होतं. त्या कामात एक शिस्त असते: हात लावायच्या आधी तपासायचं. तिसऱ्या दिवशी त्यांनी ठरवलं, आपण स्वतःची टेस्ट घ्यायची.

त्यांच्या जुन्या जोडीदाराचा मुलगा नागसेन कळमन्याच्या बाजारामागे एका कोल्ड स्टोरेजमध्ये मशीन ऑपरेटर होता. लहानूजींनी बायकोला बँकेत जातो म्हणून सांगितलं, दोन स्वेटर घातले, नाकाच्या दोन्ही भोकांत बोटभर बाम भरला आणि स्कूटर काढली.

"पाच डिग्री आहे काका आत," नागसेन म्हणाला. "काहून जाता?"

"टेस्ट आहे," लहानूजी म्हणाले. नागसेनने जाड दरवाजा उघडून दिला, तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि तो मशीनकडे धावला.

आत छतापर्यंत पोत्यांची थप्पी होती. दरवाजावर, पोत्यांवर आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत काय लिहिलं होतं ते हुडकेश्वरातल्या कोणत्याही पोराने वाचलं असतं. लहानूजींचं लक्ष फक्त भिंतीवरच्या थर्मामीटरवर होतं, आणि नाकात बाम असल्याने त्यांना दुसरा कसलाच वास येत नव्हता. पाच डिग्री. त्यांनी मफलर सोडला, कारण टेस्ट म्हणजे टेस्ट. भिंतीवरचा मोठा पंखा घरघरत सुरू झाला आणि त्यांच्या तोंडावर गार वारा सोडू लागला. त्यांनी छाती भरून श्वास घेतला.

पहिल्या मिनिटाला डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या मिनिटाला घशात जाळ झाला. तिसऱ्या मिनिटाला छाती पेटली, कान तापले, आणि लहानूजींच्या मनात आलं की थंडी थंडी म्हणतात ती हीच, आई अगदी बरोबर सांगत होती. चौथ्या मिनिटाला ते दार ढकलून बाहेर पडले, खोकत खोकत स्कूटरवर बसले आणि त्याच अवस्थेत त्यांनी अश्विनला फोन लावला.

"कॅन्सल," ते म्हणाले. "माणूस मरते त्याच्यात."

घरी पोचले तेव्हा त्यांचे डोळे टोमॅटोसारखे लाल होते. पुष्पलताबाई पासपोर्टच्या फोटोसाठी साडी काढत होत्या. लहानूजींनी दाराशीच सगळं सांगून टाकलं. कोल्ड स्टोरेज, पाच डिग्री, जळजळ, फोन. "मी प्रयत्न केला वं," ते म्हणाले. "पण मले बाधते. माह्या हातात नाही. तुले एकटी पाठवावं तर गुडघे तसे."

पुष्पलताबाईंनी साडीची घडी पुन्हा घातली. अश्विनने दिलेला तो स्पेनचा कागद टेबलावर होता, तो घेतला, दोनदा दुमडला आणि स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्याखाली ठेवला. "राहू द्या मंग," त्या म्हणाल्या. "रामेश्वरले जाऊ."

भांडण झालं असतं तर लहानूजींना बरं वाटलं असतं. ते खुर्चीत बसून नाक पुसत राहिले. थोड्या वेळाने पुष्पलताबाईंना राहवलं नाही. किती झालं तरी नवरा रडवेला होऊन बसला होता. त्या पदराने त्यांचं तोंड पुसायला वाकल्या, माकडटोपी काढली, आणि त्यांना शिंक आली. मग दुसरी आली. मग एका दमात पाच आल्या. त्यांनी टोपी नाकाजवळ नेली, लांब केली, परत जवळ नेली.

"कुठं गेलते तुमी?"

"सांगतलं ना. थंडीत."

"थंडीत का मिरचीत?"

"कायची मिरची?"

"भिवापुरी," पुष्पलताबाई म्हणाल्या. तिखटाच्या बाबतीत त्यांचा अंदाज कधी चुकत नसे. "अवो, मिरचीच्या गोदामात तोंड उघडं टाकून बसले तुमी! आन म्हणता थंडी बाधली! माणूस कोणत्याही हवेत रडंन त्याच्यात!"

लहानूजींनी आठवून पाहिलं. पोती होती खरी. त्यांनी टोपी हातात घेऊन हुंगली आणि पुन्हा खोकू लागले. पण पुष्पलताबाई आता थांबणाऱ्या नव्हत्या.

"तेहतीस वर्षं," त्या म्हणाल्या. "तेहतीस वर्षं मी तुमच्या थंडीले देवासारखा मान देऊन राहिली. शिमल्याले नाही गेली. पचमढीले नाही गेली. एकदा तरी तपासून पाह्यली का तुमी? सांगा ना, कधी बाधली? काय झालं होतं? ताप आलता? दवाखान्यात नेलतं?"

लहानूजी विचार करू लागले. त्यांनी खरोखर विचार केला. लहानपणी कधीतरी काहीतरी झालं असणार, आईने उगाच सांगितलं नसतं. पण काय, ते आठवेना. "आई म्हणे," ते शेवटी म्हणाले.

पुष्पलताबाई आत गेल्या. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या पायात शिमल्याचे लोकरी मोजे होते आणि दुसरा जोड हातात. तो त्यांनी लहानूजींच्या मांडीवर टाकला. "चला," त्या म्हणाल्या.

कळमन्याला नागसेनने कपाळावर हात मारला. "काकू, मले वाटलं काकाले दिसत असंन! दरवाज्यावर एवढ्या मोठ्या अक्षरात मिरची लिवलं आहे ना!"

"तुह्या काकाले फक्त डिग्री दिसते," पुष्पलताबाई म्हणाल्या. त्यांनी पर्समधून दोन ओढण्या काढल्या. आपल्या नागपूरच्या पोरी मे महिन्यात स्कूटीवर बांधतात तशा, फक्त डोळे दिसतील अशा, त्यांनी त्या आधी नवऱ्याच्या आणि मग स्वतःच्या तोंडावर गच्च बांधल्या. वर नागसेनचा कामावरचा जाड चष्मा नवऱ्याला चढवला. नागसेनला पंखा बंद करायला सांगितलं. मग नवऱ्याला हाताला धरून आत नेलं आणि थर्मामीटरसमोर उभं केलं.

पाच मिनिटं झाली. लहानूजी डोळे मिटून वाट पाहत होते. दहा झाली. पुष्पलताबाई घड्याळ पाहत होत्या. वीस झाली.

"काय होऊन राहिलं?" त्यांनी विचारलं.

लहानूजींनी स्वतःची चौकशी केली. हात गार होते. नाक गार होतं. बाकी छाती, कान, घसा जिथल्या तिथे होतं. सकाळी आंघोळीला गरम पाणी नसेल तर जेवढं वाटतं तेवढंच वाटत होतं. "काही नाही," ते म्हणाले, आणि म्हणताना त्यांना फार शरम वाटली. पुरी, सोमनाथ, कन्याकुमारी, दोनदा गोवा. सगळं या 'काही नाही'वर.

मान वर करून बायकोकडे बघायचं धैर्य होईना, म्हणून त्यांना ती गेल्याचं उशिरा कळलं. पुष्पलताबाई लोखंडी जिन्याच्या पायऱ्या चढत होत्या. आडव्या, एकेक, कठडा धरून. वरच्या मजल्यावरची पोती खाली सोडायला तिथून एक लांब, तिरकी फळी लावलेली होती. वर्षानुवर्षं पोती घसरून ती गुळगुळीत झाली होती. खाली रिकाम्या बारदानाचा ढीग पडला होता.

"काकू!" नागसेन दारातून ओरडला. "पुष्पा!" लहानूजी ओरडले.

पुष्पलताबाईंनी एक रिकामं पोतं फळीवर अंथरलं. त्यावर बसल्या. साडी गुडघ्याभोवती घट्ट आवळली, पाय लांब केले. मोज्यांचे दोन अंगठे खालून लहानूजींना दिसले. मग त्यांनी दोन्ही हातांनी मागून स्वतःला ढकललं.

फळी असेल पंधरा फुटांची. दोन सेकंदांत संपली. पण त्या दोन सेकंदांत एकोणसाठ वर्षांच्या मास्तरणीच्या गळ्यातून जी आरोळी निघाली, ती बाजारातल्या हमालांनी बाहेर ऐकली. त्या बारदानात कोसळल्या, ओढणी सुटली, तोंडात मिरची गेली, आणि त्या खोकत खोकत हसत राहिल्या. लहानूजी धावत गेले. गुडघे तपासले, बोटं लावून लावून. दुखलं का, दुखलं का, असं दहादा विचारलं.

"नाही वो," पुष्पलताबाई डोळे पुसत म्हणाल्या. "झालं माहं. लय मजा आली. आता खरंच राहू द्या ते स्पेन, एवढं बस झालं मले."

आणि तेव्हा लहानूजींच्या काळजात चर्र झालं. बस झालं. बाराव्या वर्षी आईने सांगितलेलं तेच. आता बाई स्वतःलाच सांगत होती, आणि तेही हसत, त्यांना वाईट वाटू नये म्हणून. शिमल्याच्या वेळीही ती अशीच हसली होती. तेव्हा त्यांनी ते हसू खरं धरलं होतं, कारण ते सोयीचं होतं.

त्यांनी तिथेच, पाच डिग्रीत, मिरचीच्या पोत्यांमध्ये उभं राहून फोन काढला. तोंडावरची ओढणी खाली केली, खोकले, आणि अश्विनला लावला.

"अश्विन, सकाळचं कॅन्सल कॅन्सल कर."

"काका, मी अजून केलंच नव्हतं," अश्विन म्हणाला. "तुमी रडून राहिले होते ना, मले वाटलं संध्याकाळी विचारावं. तेच ठेवू ना मंग? काकूले घसरगाडी, तुमाले उन्हातली खुर्ची?"

"खुर्ची काढून टाक," लहानूजी म्हणाले. "घसराच्या गाड्या दोन लिव. आन एक दिवस नाही, बर्फावर चार दिवस लिव."

"पण काका, तुमाले थंडी बाधते ना?"

लहानूजींनी बायकोकडे पाहिलं. ती बारदानावर बसून एका पायातला मोजा नीट करत होती, आणि तिचा हात मध्येच थांबला होता.

"मले?" लहानूजी म्हणाले. "कोनं सांगतलं गा तुले?"